अर्थाकडून वाक्याकडे: भाषानिर्मितीच्या चार साधनांचे मराठीच्या दृष्टीने परीक्षण

बाजार समितीच्या रोजच्या नोंदी तक्त्याच्या रूपात येतात: शेतमाल, बाजाराचे नाव, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. तक्ता वाचण्याची सवय असलेल्या व्यापाऱ्याला तेवढे पुरते. परंतु तीच माहिती शेतकऱ्याला फोनवर ऐकवायची किंवा संदेशातून पाठवायची असेल, तर तिची वाक्ये करावी लागतात आणि ती वाक्ये शुद्ध, सरळ मराठीत असावी लागतात. ‘लासलगाव बाजार समितीत आज कांद्याची आवक वाढली आणि सर्वसाधारण दर घसरला’ हे वाक्य माणूस सहज लिहितो. संगणकाकडून ते लिहवून घेणे हा मात्र भाषातंत्रज्ञानातील एक जुना आणि स्वतंत्र प्रश्न आहे. अर्थाची ठरावीक मांडणी पुरवायची आणि तिच्यातून व्याकरणशुद्ध वाक्य मिळवायचे, असे काम करणारी चार साधने मी याच गरजेपोटी वापरून पाहिली. ती चारही साधने चार वेगवेगळ्या अल्गोरिदमांवर उभी आहेत, त्यामुळे हे परीक्षण साधनांचे आहे तितकेच त्यांच्यामागील विचारांचेही आहे.

ती चार साधने अशी: ॲबर्डीन विद्यापीठात तयार झालेली सिंपलएनएलजी ही जावा या प्रोग्रामिंग भाषेतील लायब्ररी, इंग्रजीचे ईआरजी हे विस्तृत व्याकरण आणि ते चालवणारा एस हा कार्यक्रम, एएमआर नावाच्या अर्थ-आलेखापासून इंग्रजी वाक्य लिहिणारे स्प्रिंग हे न्यूरल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे, मॉडेल, आणि स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे वाढलेले ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क. माझा निकष एकच होता. दिलेल्या अर्थातील काहीही न गाळता आणि पदरचे काहीही न घालता हे साधन मराठी वाक्य देऊ शकते का, किंवा देऊ शकेल असे त्याला घडवता येते का, एवढेच मला पाहायचे होते. इंग्रजीतील सफाईला मी त्या मानाने कमी महत्त्व दिले आहे.

कसोटीसाठी मी मुद्दाम साधी वाक्ये निवडली, कारण मराठीची खरी अडचण साध्या वाक्यांतच दिसते. एएमआरच्या परिचयात नेहमी येणारे ‘मुलाला जायचे आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य घ्या. इंग्रजीत मुलगा कर्ता आहे, ‘वॉन्ट’ हे मुख्य क्रियापद आहे आणि जाणे हा त्या इच्छेचा विषय आहे. मराठीत इच्छेसाठी वेगळे क्रियापद येत नाही. मुलगा चतुर्थीचे रूप घेतो आणि जाण्याच्या धातूला ‘-यचे आहे’ जोडले जाते. कर्म आले की आणखी एक बंधन येते: मुलाला पोळी खायची आहे, आंबा खायचा आहे, फळ खायचे आहे, पोळ्या खायच्या आहेत. भूतकाळात तर शाळेत शिकलेले तिन्ही प्रयोग एका रांगेत उभे राहतात. ‘मुलगा गेला’ हा कर्तरी, ‘मुलाने पोळी खाल्ली’ हा कर्मणी आणि ‘मुलाने सापाला मारले’ हा भावे प्रयोग. शिवाय पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदे कर्म घेऊनही ‘ने’ घेत नाहीत: मुलगा पाणी प्यायला, मुलगी गणित शिकली. आणि ‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यात एकच क्रियापद लिंग-वचन कर्माकडून घेते आणि पुरुष कर्त्याकडून. जे साधन ही बंधने एका जागी लिहू देत नाही, त्याच्याकडून मराठीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

सिंपलएनएलजीपासून सुरुवात करतो, कारण या क्षेत्रात येणारा बहुतेक प्रत्येक जण तिच्यापासूनच सुरुवात करतो. ॲल्बर्ट गॅट आणि एहूद राइटर यांनी २००९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. वापर अत्यंत सोपा आहे. कर्ता सांगायचा, क्रियापद सांगायचे, कर्म सांगायचे, मग काळ, नकार किंवा प्रश्न यांचे गुणधर्म लावायचे. लायब्ररी क्रियापदाचे योग्य रूप, सहायक क्रियापदे, शब्दक्रम आणि विरामचिन्हे यांची काळजी घेते. जावा येणाऱ्या माणसाला पहिल्या बैठकीत उपयुक्त इंग्रजी वाक्ये मिळू लागतात. ‘मेरी चेसेस द मंकी’ या वाक्यावर नकाराचा गुणधर्म लावला की ‘डज नॉट चेस’ आपोआप येते, आणि प्रश्नाचा लावला की ‘डज’ वाक्याच्या आरंभी जाते. यात शोध नाही, पर्यायांची चाचपणी नाही, संभाव्यता नाही. ठरलेल्या क्रमाने नियम लावले जातात, म्हणूनच तिचा वेग उत्तम आहे आणि एकाच मांडणीतून नेहमी एकच वाक्य येते.

परंतु सिंपलएनएलजीला आपण जे देतो तो पुरता अर्थ नसतो. कर्ता कोण, कर्म कोण, मुख्य क्रियापद कोणते हे ठरवून झाल्यावरच आपण तिच्याकडे येतो, म्हणजे वाक्यरचनेचा मोठा निर्णय आधीच झालेला असतो. इंग्रजीत हे खपून जाते. ‘मुलाला जायचे आहे’ या वाक्यात मात्र इच्छेच्या क्रियापदाचा रकाना रिकामाच राहतो, आणि मुलाला ‘कर्ता’ या रकान्यात घालावे तर क्रियापद त्याच्याप्रमाणे रूप घ्यायला निघते. लायब्ररीची इतर भाषांत रूपांतरे झाली आहेत. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन यांसाठी ती उपलब्ध आहेत, आणि तेलुगूसाठी याच धर्तीवर एक वाक्यनिर्मिती साधन २०१५ मध्ये मांडले गेले. तेलुगूचा तो प्रयत्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण विपुल प्रत्यय आणि क्रियापद शेवटी ठेवणारा शब्दक्रम असलेल्या भाषेतही ही पद्धत उभी राहते हे त्यातून दिसते. मराठीसाठी हे करायचे झाल्यास सामान्यरूपाचा आणि प्रयोगाचा सगळा भाग मुळातून लिहावा लागेल, आणि तो जावाच्या वर्गांत विखुरलेला राहील. काही महिन्यांनी ‘भावे प्रयोगात क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी’ हा एकच नियम कुठे लिहिला आहे, हे शोधायला लिहिणाऱ्यालाच वेळ लागेल. ज्यांना इंग्रजी अहवाल हवा आहे त्यांनी सिंपलएनएलजी निःशंकपणे घ्यावी. मराठीसाठी तिची शिफारस मी करणार नाही.

दुसरे साधन ईआरजी आणि एस. येथे आपण खऱ्या अर्थाने अर्थापासून सुरुवात करतो, आणि अल्गोरिदमच्या दृष्टीने चौघांत हेच सर्वांत विलक्षण आहे. अर्थ एमआरएस या मांडणीत द्यायचा असतो. ती म्हणजे लहान लहान विधेयांची एक सपाट पिशवीच असते: एक विधेय मुलाबद्दल, एक इच्छेबद्दल, एक जाण्याबद्दल, आणि कोणत्या चलाचा कोणाशी संबंध आहे हे दाखवणाऱ्या खुणा. पिशवीत क्रम नाही, कर्ता-कर्माची मराठी किंवा इंग्रजी धाटणी नाही. त्या पिशवीतील प्रत्येक विधेय नेमके एकदाच वापरून होईल असे वाक्य व्याकरणाच्या नियमांनी शोधून काढायचे, हे काम.

हा शोध कसा घ्यावा यावर बराच विचार झाला आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या साधनाची किंमत कळत नाही. वरून खाली, म्हणजे ‘वाक्य’ या चिन्हापासून नियम उलगडत गेले, तर स्वतःचाच उल्लेख डावीकडे करणारा नियम भेटताच कार्यक्रम संपतच नाही. यावर १९९० मध्ये शीबर, व्हॅन नूर्ड, परेरा आणि मूर यांनी अर्थाच्या शीर्षपदापासून, म्हणजे बहुधा क्रियापदापासून, बांधणी सुरू करण्याचा अल्गोरिदम मांडला. क्रियापद हातात आले की त्याला कोणते घटक हवेत हे आधीच कळते आणि आंधळा शोध थांबतो. पुढे १९९६ मध्ये मार्टिन के यांनी पार्सिंगमधील, म्हणजे तयार वाक्याची रचना उलगडण्याच्या कामातील, तक्त्याची कल्पना निर्मितीसाठी वापरली. वाक्याचा जो तुकडा एकदा तयार झाला तो तक्त्यात ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा बांधायचा नाही, ही ती कल्पना. पार्सिंगमध्ये तुकड्याची ओळख त्याच्या वाक्यातील जागेवरून पटते. निर्मितीत वाक्यच अजून नाही, म्हणून तुकड्याने अर्थातील कोणती विधेये वापरली आहेत यावरून त्याची ओळख ठेवावी लागते.

खर्च याच ठिकाणी वाढतो. के यांच्याच उदाहरणात एक उंच, तरुण, पोलिश खेळाडू येतो. तीन विशेषणांपैकी कोणतीही घेऊन किंवा वगळून नामपद पूर्ण होऊ शकते, त्यामुळे त्या एका नामाचे ८ निरनिराळे तुकडे तक्त्यात बसतात. त्यांपैकी पूर्ण अर्थ सांगणारा एकच कामाचा असतो. उरलेले सात मात्र पुढे क्रियापदाला, त्याच्या पुढच्या उपवाक्याला चिकटत राहतात आणि प्रत्येक पायरीवर वाया जाणारे काम वाढवतात. विशेषणे १० झाली की तुकडे १०२४ होतात. यावर १९९९ मध्ये कॅरोल, कोपस्टेक, फ्लिकिंगर आणि पोझनान्स्की यांनी सुचवलेला उपाय सुटसुटीत आहे: आधी विशेषणांशिवाय वाक्याचा सांगाडा पूर्ण करायचा आणि मग उरलेली विशेषणे त्यात जागोजागी बसवायची. पुढे कॅरोल आणि ओपेन यांनी २००५ मध्ये समान तुकडे एकत्र बांधून ठेवण्याची आणि उत्तम वाक्येच उलगडण्याची पद्धत या मोठ्या व्याकरणासाठी दिली. एस वापरताना या कष्टांचे फळ प्रत्यक्ष हाती येते. बऱ्यापैकी लांब इंग्रजी वाक्याचा अर्थ दिला तरी तो थोड्या वेळात सर्व शक्य वाक्ये क्रमवारी लावून देतो. क्रियाविशेषण आधी की नंतर, क्रियापदाचा जोडशब्द कर्माच्या अलीकडे की पलीकडे, असे पर्याय एकाखाली एक दिसतात.

भाषेचा अभ्यास करणाऱ्याने हे एकदा तरी चालवून पाहावेच. आपण दिलेला अर्थ व्याकरणात बसत नसेल तर एस वाक्य देतच नाही. ओढूनताणून काहीतरी लिहिण्यापेक्षा नकार देणे तो पसंत करतो, आणि बाजारभावाच्या कामात हा गुण मला मोलाचा वाटतो. अडचण वेगळी आहे. ईआरजी हे डॅन फ्लिकिंगर आणि सहकाऱ्यांनी दशकानुदशके हाताने वाढवलेले इंग्रजीचे व्याकरण आहे. त्या तोडीचे मराठी व्याकरण हवे असेल तर तेवढ्याच चिकाटीची माणसे हवीत. एमिली बेंडर यांच्या पुढाकाराने झालेल्या ग्रॅमर मेट्रिक्समध्ये आपल्या भाषेबद्दलच्या प्रश्नावलीची उत्तरे भरून सुरुवातीचे व्याकरण मिळते, आणि विद्यापीठातील भाषाविज्ञान विभागाला संशोधन प्रकल्प म्हणून ते हाती घेण्यासारखे आहे. एखाद्या लहान माहितीसेवेला ते झेपणारे नाही.

तिसरे साधन सध्याच्या प्रवाहातले. एएमआर ही मांडणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वाक्याचा अर्थ एका आलेखाच्या रूपाने लिहितात. ‘मुलाला जायचे आहे’ यात मुलगा हा एकच बिंदू इच्छा करणारा म्हणूनही जोडलेला असतो आणि जाणारा म्हणूनही. असे आलेख आणि त्यांची इंग्रजी वाक्ये यांच्या जोड्यांवर शिकवलेली मॉडेले आलेख वाचून वाक्य लिहितात. स्प्रिंग हे २०२१ मधील मॉडेल बार्ट या पूर्वप्रशिक्षित मॉडेलवर उभे आहे. आलेख ओळीने उलगडून शब्दांच्या साखळीसारखा त्याला दिला जातो आणि त्याच रचनेचे मॉडेल उलट दिशेचे, वाक्यापासून आलेखाचे, कामही शिकते. व्याकरणाचा एकही नियम कोणी लिहिलेला नसतो.

इंग्रजी वाक्ये सुरेख येतात, याबद्दल दुमत नसावे. पण या मांडणीत काळ नाही, वचन नाही, निश्चित-अनिश्चित असा भेद नाही. मुलाला ‘जायचे आहे’ की ‘जायचे होते’, मुलगा एक की अनेक, हे आलेख सांगत नाही. मॉडेल ते अंदाजाने भरते, आणि तो अंदाज बहुधा इतका स्वाभाविक वाटतो की वाचणाऱ्याला अंदाज झाला हेच कळत नाही. आवक ‘वाढली’, ‘वाढते आहे’ आणि ‘वाढेल’ यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने केवढा फरक आहे हे सांगायला नको. माल आज काढायचा की थांबायचे, हे तो त्यावरून ठरवतो.

याच जातीच्या बहुभाषक मॉडेलला मी बाजारभावाच्या नोंदी आणि त्यांची हाताने लिहिलेली मराठी वाक्ये देऊन शिकवून पाहिले. लिंग-वचनाच्या चुका अपेक्षेपेक्षा कमी झाल्या, आणि सामान्यरूपेही बहुतेक ठिकाणी बरोबर आली; हे श्रेय द्यायलाच हवे. परंतु आवक वाढली आणि दर घसरला अशा दोन स्वतंत्र नोंदी दिल्या की मॉडेल ‘आवक वाढल्यामुळे दर घसरला’ असे लिहू लागले. तक्त्यात कारण कुठेही नव्हते. मराठी बातमीत ही दोन वाक्ये नेहमी कारणानेच जोडलेली असतात, म्हणून मॉडेलनेही जोडली. वाक्य इतके नीट होते की तपासणाराही ‘बरोबर’ म्हणून पुढे गेला असता. किमान दर काही वेळा गाळला गेला, तोही अशा वाक्यात जे अन्यथा निर्दोष होते.

हा अनुभव एकट्या मराठीचा नाही. हेरियट-वॉट विद्यापीठाने २०१७ मध्ये मांडलेल्या ई-टू-ई स्पर्धेत उपाहारगृहांची माहिती, म्हणजे नाव, खाद्यप्रकार, किंमत, परिसर, मुलांसह जाण्याजोगे आहे की नाही असे रकाने, देऊन वाक्ये लिहवून घेतली होती. संचात एकूण ५० हजारांहून अधिक नमुने होते. न्यूरल मॉडेलांची वाक्ये सहज वाटली, गुणांकही चांगले आले, मात्र दिलेल्या रकान्यांपैकी काही गाळण्याची प्रवृत्ती दिसून आली. पुढे २०१९ मध्ये दुशेक, हॉवक्रॉफ्ट आणि रीझर यांनी दाखवले की मुळात प्रशिक्षणाच्या नमुन्यांतच रकाने आणि वाक्ये जुळत नव्हती, आणि नमुने स्वच्छ केले की गाळणे व भर घालणे मोठ्या प्रमाणात कमी होते. मराठीसाठी न्यूरल मार्ग निवडणाऱ्याने मॉडेल बदलत बसण्याआधी आपले नमुने एकेक करून वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पावरील तथ्ये आणि भारतीय भाषांतील विकिपीडिया वाक्ये यांची जुळणी असलेला एक्सअलाइन हा संच २०२२ मध्ये खुला केला; त्यात मराठी आहे आणि सुरुवात करायला तो उपयोगी पडतो.

गुणांकांबद्दलही येथेच बोलले पाहिजे. या क्षेत्रातील निबंधांत ब्ल्यू हा गुणांक सर्रास दिला जातो. तयार झालेल्या वाक्यातील शब्दांचे तुकडे नमुना वाक्याशी किती जुळतात हे तो मोजतो. राइटर यांनी २०१८ मध्ये घेतलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा की यांत्रिक भाषांतराच्या बाहेर, म्हणजे भाषानिर्मितीसाठी, या गुणांकाच्या वापराला पुरेसा आधार नाही. मराठीत तर ही अडचण दुप्पट आहे. ‘कांद्याची आवक वाढली’ आणि ‘आवक कांद्याची वाढली’ या दोन्हींत शब्द तेच आहेत, दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण तुकडे जुळत नाहीत म्हणून एकाला कमी गुण मिळतात. उलट ‘वाढली’च्या जागी ‘वाढला’ हे घोडचूक असलेले वाक्य फक्त एका शब्दाने मागे पडते. म्हणून माझ्या तुलनेत मी हा गुणांक वापरला नाही. प्रत्येक रकाना वाक्यात आला का, न दिलेले काही आले का, आणि अन्वय बरोबर आहे का, हे तीन प्रश्न हाताने तपासले.

आता चौथे साधन, ज्याच्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला आणि ज्याच्याबद्दल मला सर्वाधिक सांगायचे आहे. ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्कची सुरुवात आर्ने रांटा यांनी १९९८ मध्ये ग्रेनोबल येथील झेरॉक्सच्या युरोपीय संशोधन केंद्रात केली. येथे व्याकरणाचे दोन थर असतात. अमूर्त थरात केवळ अर्थाची रचना असते: शेतमाल हा एक प्रकार, बाजार हा दुसरा, ‘आवक वाढणे’ हे शेतमाल आणि बाजार घेऊन विधान देणारे फलन. मूर्त थरात प्रत्येक भाषेसाठी त्या फलनाचे शब्दांत रूपांतर कसे व्हावे ते लिहायचे. अमूर्त झाड मिळाले की त्याच्या प्रत्येक फांदीवर ते फलन लावत वर यायचे, एवढाच अल्गोरिदम. मागे फिरणे नाही, वगळलेल्या विशेषणांचे १०२४ तुकडे नाहीत. झाड जेवढे मोठे तेवढेच काम. आणि झाडातील प्रत्येक पान वाक्यात येतेच, कारण ते गाळणारा नियम आपण स्वतः लिहिल्याशिवाय गाळले जात नाही.

मराठीच्या दृष्टीने खरी ताकद मूर्त थरातील प्रकारांत आहे. नामाचे मूल्य एक शब्द नसून एक तक्ता असतो आणि त्याच्यासोबत लिंग बांधलेले असते. ‘मुलगा’ या नोंदीत मुलगा, मुला-, मुलगे, मुलां- ही चार रूपे आणि पुल्लिंग. ‘पोळी’च्या नोंदीत पोळी, पोळी-, पोळ्या, पोळ्यां- आणि स्त्रीलिंग. ‘खाणे’ या क्रियापदाच्या नोंदीत लिंग-वचनानुसार खाल्ला, खाल्ली, खाल्ले, खाल्ल्या हा तक्ता, आणि भूतकाळात कर्ता ‘ने’ घेतो ही एक खूण. ‘पिणे’च्या नोंदीत तीच खूण उलटी. मग वाक्य जुळवणारा नियम एकदाच लिहायचा: खूण ‘ने’ची असेल आणि कर्माला ‘ला’ नसेल तर क्रियापदाने लिंग-वचन कर्माचे घ्यावे, ‘ला’ असेल तर नपुंसकलिंगी एकवचन, खूण नसेल तर कर्त्याचे. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तिन्ही प्रयोग अशा रीतीने सलग काही ओळींत मावतात, आणि ते पाठ्यपुस्तकातील नियमांसारखे वाचता येतात. शाळेत मराठीचे व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकाला मी ती ओळ दाखवली तर त्याला तिच्यातील चूक सांगता येईल, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

इच्छेचे वाक्यही येथे सहज सुटते. अमूर्त थरात ‘इच्छा’ हे व्यक्ती आणि क्रिया घेणारे फलन आहे. इंग्रजीच्या मूर्त थरात ते ‘वॉन्ट्स टु’ होते. मराठीच्या मूर्त थरात व्यक्तीला ‘ला’, धातूला ‘-यचा, -यची, -यचे, -यच्या’ यांपैकी कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे एक रूप आणि शेवटी ‘आहे’ किंवा ‘आहेत’. दोन्ही भाषांची वाक्ये एकाच झाडातून येतात आणि कोणतीही दुसरीच्या साच्यात कोंबली जात नाही. पाणिनीय परंपरेतील कारक आणि विभक्ती हा भेद येथे प्रत्यक्ष कामी येतो: इच्छा करणारा कोण हे अमूर्त थरात कारकासारखे लिहायचे, आणि तो ‘मुलगा’, ‘मुलाने’ की ‘मुलाला’ हे मूर्त थरावर सोडायचे. आपल्या भाषांसाठी असे साधन घडवणाऱ्याने हा भेद आरंभीच पक्का केला तर पुढची बरीच दुरुस्ती वाचते.

दोष सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही. पहिला दोष शिकण्याच्या वाटेवर लगेच भेटतो. या भाषेत पदे जोडण्याच्या दोन क्रिया आहेत. दोन पदे शेजारी ठेवणारी आणि दोन तुकडे सांधून एक शब्द करणारी. दुसरी क्रिया व्याकरण संकलित होताना, म्हणजे संकलक हा कार्यक्रम ते वापरासाठी आधी तयार करून ठेवतो तेव्हा, चालते, वाक्य तयार होताना नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्यामुळे बाहेरून आलेल्या नामाला ‘ने’ किंवा ‘त’ लावायला जावे तर संकलक तक्रार करून थांबतो. त्यासाठी बांधणीचे एक खास चिन्ह मध्ये ठेवावे लागते आणि शेवटी ते चिन्ह काढून अक्षरे सांधावी लागतात. हे हिंदीत सहसा जाणवत नाही, कारण तेथे ‘ने’, ‘को’, ‘में’ सुटे लिहिले जातात. या साधनासोबत मिळणाऱ्या तयार व्याकरणांच्या संचातील हिंदी आणि उर्दू व्याकरणे एकाच सामाईक गाभ्यावर लिहिलेली आहेत आणि नमुना म्हणून वाचायला उत्तम आहेत. पण दोन लिंगांचा तो गाभा तीन लिंगांच्या मराठीला तसाच लागू पडत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. हे साधन एका झाडाला एक वाक्य देते. अनेक शुद्ध वाक्यांतून त्या ठिकाणी कोणते बरे वाटेल हे ते ठरवत नाही. सलग दहा शेतमालांची वाक्ये ऐकली की दहाही एकाच चालीची असतात, आणि ऐकणाऱ्याला ते जाणवते. एस क्रमवारी लावतो, न्यूरल मॉडेल स्वभावतःच वैविध्य देते. येथे ते काम आपल्यावर राहते. तरीही या एकसुरीपणाची मला फारशी भीती वाटत नाही. राइटर आणि सहकाऱ्यांनी समुद्रावरील हवामानाच्या अंदाजांचा जो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वाचकांनी संगणकाने लिहिलेले काही अंदाज माणसांनी लिहिलेल्यांपेक्षा पसंत केले होते, आणि त्याचे एक कारण शब्दांच्या वापरातील सातत्य हे होते. भावाच्या निवेदनात ‘घसरला’, ‘उतरला’, ‘कोसळला’ हे शब्द शोभेसाठी आलटून पालटून वापरले, तर ऐकणारा त्यांतून घसरणीचे वेगवेगळे प्रमाण समजून घेईल. प्रत्येक शब्दाला घसरणीची एक ठरलेली मर्यादा बांधून देणे आणि ती पाळणे हे नियमांच्या साधनालाच नीट जमते.

विकिपीडियासाठी लिहिणाऱ्यांनी या पद्धतीकडे आणखी एका कारणाने पाहावे. डेनी व्रान्देचिच यांनी २०२० मध्ये मांडलेली ॲबस्ट्रॅक्ट विकिपीडियाची कल्पना याच वळणाची आहे: मजकूर भाषानिरपेक्ष मांडणीत एकदाच लिहायचा आणि प्रत्येक भाषेतील वाक्ये फलनांनी तयार करायची. त्यासाठी विकिफंक्शन्स हा अशा फलनांचा प्रकल्प सुरू झाला आहे, आणि विकिडेटावर २०१८ पासून शब्दांच्या नोंदी त्यांच्या रूपांसह ठेवता येतात. मराठी नामाचे लिंग, सामान्यरूप आणि क्रियापदाची ‘ने’ची खूण तेथे भरणे हे प्रोग्रामिंग न येणाऱ्या, पण भाषेचे भान असलेल्या कोणालाही करता येण्याजोगे काम आहे. अशा प्रयत्नांना आपल्याकडे पूर्वपीठिकाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने १९९६ मध्ये हाती घेतलेल्या यूएनएल या मध्यस्थ अर्थभाषेवर पवईच्या आयआयटीत काम झाले आणि तिच्यापासून हिंदी वाक्ये तयार करणारी प्रणाली तेथे घडवली गेली. शब्दरूपे, शब्दयोगी घटकांची भर आणि शब्दक्रम असे टप्पे त्या प्रणालीत स्वतंत्र ठेवले होते. मराठीसाठी नव्याने लिहिणाऱ्याला ती विभागणी आजही मार्गदर्शक आहे.

माझ्या कामासाठी मी ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क निवडले आहे. न्यूरल मॉडेल पूर्णपणे बाजूला ठेवलेले नाही: नव्या शेतमालाचे नाव आले की त्याची रूपे सुचवण्यासाठी ते वापरतो, आणि सुचवलेली रूपे माणसाने पाहिल्यावरच व्याकरणात जातात. प्रत्यक्ष निवेदनाचे वाक्य मात्र त्याच्या हाती देत नाही. ज्यांचा मजकूर ललित आहे, जाहिरातीचा आहे, किंवा जेथे एखादा तपशील सुटला तरी कोणाचे नुकसान होत नाही, त्यांनी न्यूरल मार्ग घ्यायला हरकत नाही. आकडे, औषधाचे प्रमाण, परीक्षेचे वेळापत्रक, पाण्याची पाळी असा मजकूर असेल तर व्याकरण हाताने लिहावे.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांना सुरुवातीची एक सूचना: पहिल्यांदा संख्यांचे व्याकरण लिहावे. मराठीत १ ते ९९ पर्यंतची नावे नियमांनी तयार होत नाहीत, ती एकेक करून भरावी लागतात. ‘साडेसतराशे रुपये’ आणि ‘एक हजार सातशे पन्नास रुपये’ यांपैकी आपल्या ऐकणाऱ्यांना कोणते हवे हे बाजारात जाऊन विचारावे लागते. आणि ‘क्विंटलला’, ‘क्विंटलमागे’, ‘प्रतिक्विंटल’ यांतील निवडही तेथेच ठरते. ही निवड मूर्त थरातील एकाच नियमात लिहिली जाते, त्यामुळे ती नंतर बदलली तरी अमूर्त झाडांना आणि आधी तपासून ठेवलेल्या नोंदींना धक्का लागत नाही.